फाटकापर्यंतचा आवाज

१

सोमवारी चारला पाच कमी असताना ज्योत्स्ना देव्हाऱ्यात निरांजन लावी, सासूबाईंच्या डाव्या मुठीत चिमूटभर अक्षता ठेवी, आपल्या मुठीत चिमूटभर घेई आणि खाटेशेजारी पाटावर बसे. बरोबर चार वाजता टेबलावरचा कॉम्प्युटर आपोआप कहाणी सांगू लागे.

आवाज सासूबाईंचाच. दोन वर्षांपूर्वी, हातीपायी धड असताना, गोजराबाई कहाणी सांगत होत्या तेव्हा ज्योत्स्नानं ती सहज मोबाइलवर भरून घेतली होती. ही कहाणी कुठल्या पुस्तकात नाही. गोजराबाईंच्या माहेरची, धनजची. आईनं लेकीला द्यायची आणि सासूनं सुनेला. यंदा श्रावणात गोजराबाईंना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तो भरलेला आवाज तेवढा घरात उरला.

झटका आला त्याच आठवड्यात ज्योत्स्नानं सोळा सोमवार धरले. मागणं मोठं नव्हतं. आईंनी एक शब्द बोलावा. रागाचा असला तरी चालेल.

पहिले दहा सोमवार अकोल्याला दवाखान्यात गेले. उपास तिथं करता आला, पण कहाणी घरच्या देवापुढंच व्हायला हवी. मग इथल्याच, रिसोडच्या अफ्रीननं तोड काढली. तिचा बसस्टँडमागं कॉम्प्युटरचा क्लास आहे. तिथला एक जुना कॉम्प्युटर तिनं देवाच्या खोलीत आणून मांडला, त्यात कहाणी भरली, आणि दर सोमवारी चारला ती आपली आपण वाजेल अशी सोय लावून दिली. ज्योत्स्नाचा नवरा दौलतराव दिवसभर बियाण्याच्या दुकानात. घराला कुलूप. दहा सोमवार बंद खोलीत कहाणी होत राहिली आणि व्रतात खंड पडला नाही.

घरची एक रीत त्या धावपळीत राहून गेली. कहाणी रिकाम्या घराला सांगत नाहीत. ऐकणारी हवी, तिच्या मुठीत अक्षता हव्यात. कोणीच नसलं तर पाण्याचा तांब्या पाटावर मांडायचा आणि त्याला सांगायची. ज्योत्स्नाला हे काही नवीन नव्हतं. पण सांगणारं माणूस नाही, मशीन आहे, मशीनला कसली रीत, असं तिनं तेव्हा स्वतःला समजावलं. आणि पटलंही.

२

आईंची डावी तर्जनी हलत होती. अकोल्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की ह्या बोटाला रोज काम द्या, त्याच्या मागोमाग बाकीचं येतं कधी कधी. ज्योत्स्नानं खूप विचार केला आणि तिला कीबोर्डच्या वरच्या ओळीतली बटनं दिसली. आवाज वाढवायचं, आवाज कमी करायचं, कहाणी थांबवायचं आणि पुन्हा लावायचं. चांगली पेढ्याएवढी बटनं. आईंना स्वतःच्या मनानं एवढं करता आलं तर किती होईल.

अकराव्या सोमवारी, घरी आल्यावरच्या पहिल्या कहाणीला, तिनं आईंचं बोट त्या बटनावर नेलं. आईंनी जीव एकवटून दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा त्यांनी दाबलंच नाही; मान भिंतीकडे फिरवली.

दुसऱ्या दिवशी अफ्रीन आली. खुर्ची ओढून बसली, वेणी पाठीमागं टाकली.

"भाभी, ह्या डब्यात विंडोज चालत नाई, म्हनून मी लिनक्स टाकलं. फुकटचं हाय पन इमानदार हाय. जेवढं सांगतलं तेवढंच करते."

"मंग बटनाचं सांगतलं नाई का त्याले?"

"तेच पाहू ना."

तिनं एक काळी खिडकी उघडली, त्यात दोन शब्द लिहिले, पासवर्ड टाकला. "आता दाबा."

ज्योत्स्नानं आवाज वाढवायचं बटन दाबलं. काळ्या खिडकीत पांढरी ओळ उमटली. बोट उचललं तशी खाली दुसरी.

"पाह्यलं? वरची ओळ दाबल्याची, खालची सोडल्याची. बटन एकदम चांगलं हाय. आपलं नाव सांगून राह्यलं बिचारं. पन त्याचं आयकाले इकडे कोनी बसवलंच नाई."

"आयकाले कोनी नसन तर बोलून काय फायदा," ज्योत्स्ना म्हणाली.

"बस, तेवढंच करायचं हाय. एक आयकनारं बसवू."

अफ्रीननं सेटिंग उघडली. शॉर्टकटच्या यादीत नवी ओळ घातली, पुढं कमांड लिहिली, मग म्हणाली, आता बटन दाबा म्हणजे दोघांची गाठ पडते. ज्योत्स्नानं दाबलं. टुक असा आवाज आला आणि पडद्याच्या कोपऱ्यात पट्टी चढली. एका दाबात पाच टक्के.

"दुसरं बटन मी करते," ज्योत्स्ना म्हणाली.

"जमन का?"

"पारायनाची पोथी वाचते मी, बाई. ह्या चार ओळी कायच्या."

आणि जमलं. कमी करायचं जमलं, थांबवायचं-लावायचंही जमलं. व्रताच्या वहीत मागच्या पानावर तिनं सगळ्या कमांडा उतरवून घेतल्या, वर ॐ काढून.

मग आवाज मोजला. चाळीसवर खाटेपाशी छान ऐकू येत होतं. साठवर स्वयंपाकघरात, ओट्याशी. ऐंशी केलं तेव्हा दौलतराव दुकानातून येत होता, तो फाटकाशीच थबकला; आवाज तिथपर्यंत पोचत होता.

"इथलोक येऊन राह्यलं," तो ओरडला. "गल्लीवाले म्हनतीन, बुढी पुन्हा भांडाले लागली."

गोजराबाईंच्या ओठाचा डावा कोपरा हलला. ज्योत्स्नानं पाहिलं. ते हसू होतं.

जाताना अफ्रीननं काळी खिडकी तशीच उघडी ठेवली. एखादं बटन अडकलं तर कळेल म्हणून.

३

बारावा सोमवार.

निरांजन लागलं, अक्षता दिल्या, चार वाजले. आवाज चाळीसवर होता. ज्योत्स्ना डोळे मिटून बसली. कहाणीतली एकटी बाई हातात अक्षता घेऊन दारोदार फिरते, माझी कहाणी ऐका म्हणते, कोणाला वेळ नसतो, तिथपर्यंत आवाज आला आणि टुक झालं.

मग पुन्हा टुक. एकामागून एक. आवाज चढत गेला, खोलीत मावेना, खिडकीची काच थरथरली.

ज्योत्स्नानं डोळे उघडले तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. आईंनी केलं. आपल्या मनानं, न सांगता. पट्टी ऐंशीवर उभी होती.

"आई, दाबलं तुमी?"

गोजराबाई दाराकडे पाहत होत्या. देवाच्या खोलीचं दार, त्यापलीकडे अंगण, अंगणाच्या टोकाला फाटक.

ज्योत्स्नानं आवाज चाळीसवर आणला. कहाणी संपल्यावर देवाला वाहायला म्हणून आईंची मूठ उघडली. मूठ घट्ट होती. आत अक्षता जशाच्या तशा. एक दाणा सांडलेला नव्हता.

हलणारा हात एवढा एकच. मूठ न उघडता बोट कसं दाबलं असेल, हा विचार तिच्या मनात आला आणि निघून गेला. आनंद मोठा होता.

"बहिरी झाली का काय माय?" दौलतरावानं जेवताना विचारलं.

"काईच्या काई नका बोलू. त्यायले दूरलोक आयकवायचं असन."

४

तेराव्या सोमवारी ती ओट्याशी अडकली. नैवेद्याचं दूध उतू गेलं, ते पुसता पुसता चार वाजले. तिनं घाईनं अक्षता आधीच देऊन ठेवल्या होत्या. आता इथूनच ऐकावी म्हणून मुठीत चार दाणे धरून कान दिला. चाळीसवरचा आवाज इथपर्यंत पुरता पोचत नव्हता.

टुक. टुक. टुक. टुक.

साठ. तिला न पाहताच कळलं, कारण अक्षर अन् अक्षर ओट्याशी ऐकू येऊ लागलं. आईंना ठाऊक होतं ती कुठं आहे. आईंनी तिच्यासाठी वाढवला. ज्योत्स्नाचे डोळे भरून आले. ओली चिंधी हातात धरून ती तशीच ऐकत उभी राहिली.

थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की आवाज सरळ येत नाही. गाडीच्या खिडकीतून येणारा वारा पुढच्या सीटवरच्या माणसाला अडून आपल्यापर्यंत येतो, तसा तो येतोय. ती आणि दार यांच्यामध्ये काहीच नव्हतं. स्वयंपाकघराचं दार सताड उघडं. उंबरठ्यावर ऊन.

ती एक पाऊल डावीकडे सरकली. आवाज साफ झाला. पुन्हा जागेवर आली. आवाज पुन्हा अडला.

डोक्यात उपास चढला, तिनं स्वतःला सांगितलं. साबुदाणा तरी खायला हवा होता.

देवाच्या खोलीत आली तर गोजराबाईंनी डोक्यावर पदर घेतला होता. झटक्यापासून डोक्यावरचा पदर ज्योत्स्नाच सारखा करायची. आज तो त्यांनी स्वतः ओढला होता, नीट, कपाळापर्यंत. घरात परकं माणूस आलं की बायका घेतात तसा.

उशीवर अक्षता विखुरल्या होत्या. त्या हातानं पदर घेतला, म्हणून सांडल्या. मग बटन?

५

"बटन अडकते भाभी," अफ्रीन फोनवर म्हणाली. "धूळ बसते, बटन वर येत नाई, अन् कॉम्प्युटरले वाटते कोनी दाबूनच राह्यलं. कापसानं पुसा."

ज्योत्स्नानं स्पिरिट लावून एकेक बटन पुसलं. अफ्रीननं बुधवारी नवा कीबोर्डही आणून जोडला. तोही पेढ्याएवढ्या बटनांचा. काळी खिडकी पुन्हा उघडून दिली. दोघींनी दोन दोन वेळा दाबून पाहिलं. दाबल्याची ओळ, सोडल्याची ओळ. चोख.

"भूतबित काई नसते," अफ्रीन म्हणाली.

"मी कुठं म्हनलं?"

"तुमचं तोंड म्हनून राह्यलं."

चौदाव्या सोमवारी ज्योत्स्ना डोळे मिटून बसली नाही. नव्या कीबोर्डवर नजर ठेवून बसली. आईंची मूठ तिच्या मांडीवर, तिच्याच हातात होती. टेबलाशी, अफ्रीन बसते ती, प्लास्टिकची खुर्ची रिकामी होती.

कहाणीतली बाई दारोदार फिरू लागली. काळ्या खिडकीत ओळ उमटली. आवाज कमी करायचं बटन, दाबलं. सोडलं. पस्तीस. दाबलं, सोडलं. तीस. कुठलंही बटन हलताना दिसलं नाही. पण ते पावअंगुळ खाली जातं आणि वर येतं, तेवढ्यात पापणी लवली असेल. पंचवीस. वीस.

आता पाटावरून आईंचा आवाज कुजबुजीसारखा लागत होता. ज्योत्स्ना उठली. खाटेच्या उशापाशी गेली, तिथून नीट येईना. देव्हाऱ्यापाशी गेली, तिथूनही नाही. मग तिनं टेबलाकडे एक पाऊल टाकलं, आणि तिला कळलं की वीसवर शब्द नीट ऐकायचे तर एकाच जागी बसावं लागेल.

ती त्या खुर्चीवर बसली नाही.

फाटकापाशी असलं तर ऐंशी. ओट्याशी साठ. इथं वीस. आवाज कोणाला ऐकू येत नाही म्हणून वाढत नव्हता. जे ऐकत होतं ते जवळ येत होतं, आणि जेवढा हवा तेवढाच ठेवून घेत होतं. मोठ्या आवाजाचा बाकीच्यांना त्रास नको, अशा समजुतीनं.

तिनं हात लांब करून कीबोर्डची वायर ओढून काढली. काळ्या खिडकीत कीबोर्ड काढल्याची ओळ आली. खोलीत फक्त आईंचा बारीक आवाज.

टुक. पंधरा.

ज्योत्स्नानं वायर पुन्हा जोडली. घाबरून नव्हे, ती जोडल्यावर स्वतःच चकित झाली. आपण कोणाच्या तोंडावर दार लावलं आणि ते माणूस दाराबाहेर उभं राहून काही न बोलता थांबलं, असं तिला वाटलं होतं. असं तिनं आयुष्यात कोणाला केलं नव्हतं.

६

तिनं आठवडाभर विचार केला. कॉम्प्युटर बंद करणं सोपं होतं. पण दोन सोमवार उरलेले. आता कहाणी मोडली तर आईंचा शब्द गेला. दुसऱ्या खोलीत हलवावा, तर कहाणी देवापुढं हवी. स्वतः सांगावी म्हटलं तर तोंडपाठ होती, पण चारच्या ठोक्याला घरात आवाज आईंचाच व्हावा, हे दहा सोमवारांनी ठरवून टाकलेलं.

दौलतरावाला तिनं सांगितलं. तो हसला नाही.

"तुले भ्या वाटते का?"

"माह्यं नाई. त्या खुर्चीपासून आईची खाट हातभर हाय."

पंधराव्या सोमवारी आवाज पाचवर गेला.

आता पाटावरून नुसती ओठांची हालचाल ऐकू यावी तसं येत होतं. पाचवर शब्द ऐकायचे तर कान स्पीकरला टेकवायला हवा. स्पीकर टेबलाच्या ह्या कडेला होता, खाटेच्या बाजूला. तिथून खाली पाच टक्के उरले होते. शून्यावर गेल्यावर ते आणखी जवळ कशाच्या येणार, हे मनात आलं आणि ज्योत्स्नानं आईंचा हात घट्ट धरला. गोजराबाईंच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. दारी पाव्हणे आले आणि घरात चहापत्ती नाही, तेव्हा बाईच्या तोंडावर असते तशी ओशाळी काळजी होती.

कहाणी शेवटाला आली. आणि कट् असा आवाज होऊन थांबली.

ज्योत्स्ना दचकली. तिनं ओठ हलवून शेवटचं वाक्य सवयीनं म्हटलंच होतं, अर्धं. "ऐकली तिची झाली..." आणि तिला पहिल्यांदा जाणवलं की हे वाक्य ती एकटीच म्हणतेय. भरलेल्या आवाजात ते नव्हतं. त्या दिवशी मोबाइलवर कोणाचा तरी फोन आला होता आणि भरणं शेवटाआधीच तुटलं होतं. घरी आल्यापासून दर सोमवारी ते तिच्याच तोंडून पुरं होत होतं, म्हणून कधी कानाला लागलं नाही.

पण घराला कुलूप होतं ते दहा सोमवार ते कोणीच पुरं केलं नव्हतं. दहा सोमवार रिकाम्या घरात कहाणी सांगितली, तांब्या ठेवला नाही, आणि ऐकणाऱ्याला ऊठ, आता घरी जा, असं म्हटलं नाही.

काळ्या खिडकीत ओळ आली. लावायचं बटन. दाबलं.

वाजायला पुढं काही नव्हतं. ज्योत्स्ना सोडल्याच्या ओळीची वाट पाहत राहिली. ती आली नाही. तिनं कीबोर्डकडे पाहिलं. ते एक बटन खाली गेलेलं होतं. बाकी सगळी सारखी, एक पावअंगुळ खाली. कोणी बोटाखाली दाबून धरावं तसं.

तिनं आपलं बोट जवळ नेलं. बटनाच्या वरची हवा कोमट होती. त्या हवेखालून बटनापर्यंत जायला तिच्या बोटाला जागा मिळेना.

"सांगते," ती हळू म्हणाली. "पुढच्या सोमवारी पुरी सांगते. आज थांबा."

मंगळवारी बटन खाली होतं. गुरुवारी खाली होतं. अफ्रीननं कीबोर्ड बदलते म्हटलं, ज्योत्स्ना म्हणाली, सोमवार होऊ दे.

रात्री तिला झोप लागत असे, ह्याचं तिलाच नवल वाटे. कहाणीला जे येतं ते वाईट कसं असेल, असं ती स्वतःला विचारी. उपाशी असेल, एकटं असेल. वाईट नाही.

७

सोळाव्या सोमवारी तिनं तीन वाजताच अंगण सडा घालून काढलं. निरांजन लावलं. आईंच्या मुठीत अक्षता दिल्या, आपल्या घेतल्या. मग प्लास्टिकच्या खुर्चीजवळ गेली, तिला हात न लावता तिसरी चिमूट खुर्चीवर ठेवली, आणि मागं न पाहता पाटावर येऊन बसली.

चार वाजले. कहाणी पाचवर सुरू झाली. ज्योत्स्नाला शब्द ऐकू येत नव्हते, पण पाठ होते. जिथं हुंकार द्यायचा तिथं तिनं दिला. एका ठिकाणी तिला वाटलं, आपला हुंकार संपला तरी क्षणभर लांबला. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही.

कट्. भरलेला आवाज तुटला.

ज्योत्स्नानं हात जोडले आणि स्पष्ट, मोकळ्या आवाजात म्हटलं, "ऐकली तिची झाली, सांगितली तिची झाली. पानी प्या अन् आपापल्या घरी सुखानं जा."

निरांजनाची ज्योत सरळ होती. काळ्या खिडकीत एक ओळ उमटली. सोडलं.

आठ दिवस खाली गेलेलं बटन वर आलं होतं. खुर्चीवरचे दाणे हलले नव्हते; पण खुर्चीचं प्लास्टिक, माणूस उठल्यावर करतं तसं, एकदा करकरलं.

टुक. दहा. टुक. पंधरा.

ज्योत्स्ना हसली. जात होतं. पंचवीस, तीस, चाळीस. प्रत्येक टुक आधीच्याहून मोठा. साठला ते ओट्यावरून गेलं असेल. पासष्ट. सत्तर. अंगण. पंचाहत्तर. ऐंशी.

ती पंच्याऐंशीची वाट पाहत राहिली. मग रस्ता, मग गल्लीचं टोक, शंभर, मग मोकळं.

पंच्याऐंशी आलं नाही. पट्टी ऐंशीवर उभी राहिली आणि थोड्या वेळानं पडद्यावरून विरून गेली. फाटकापाशी ते थांबलं होतं.

"जा ना माय," ज्योत्स्ना पुटपुटली. "झाली ना कहानी."

तेव्हा तिच्या पाठीमागं कोणीतरी घसा खाकरला. जुनं, गंजलेलं कुलूप उघडतं तसा तो आवाज होता.

"नुसतं म्हनते," गोजराबाई म्हणाल्या. जीभ जड होती, शब्द तिरपे पडत होते, पण शब्द होते. "पानी प्या, पानी प्या. देल्लं का?"

ज्योत्स्ना वळली. आई तिच्याकडे रागानं पाहत होत्या, सोळा आठवड्यांपूर्वी पाहायच्या तशा. ज्योत्स्नाला हसू आणि रडू एकदम आलं. तिनं आईंचे दोन्ही पाय धरले, कपाळ टेकवलं.

"चुकलं आई. चुकलं. आत्ता देते."

वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलं होतं की त्यातलं पाणी कधी सुटलं ते कळलंच नव्हतं. आई कहाणी सांगायच्या तेव्हा तांब्या शेजारी असायचा, भरलेला, वर फुलपात्र. तिला आता आठवलं. ती धावत स्वयंपाकघरात गेली, माठातून तांब्या भरला, फुलपात्र झाकलं आणि पदर सावरून अंगणात आली.

उतरतं ऊन होतं. सड्याची ओल अजून होती. फाटक अर्धवट उघडं. रस्त्यावरून तुरीच्या शेंगा लादलेली एक बैलगाडी चालली होती. गाडीवानानं तिच्याकडे पाहिलं, तिच्या हातातल्या तांब्याकडे पाहिलं, आणि पुढं गेला. फाटकापाशी कोणी नव्हतं. फक्त फाटकाच्या ह्या बाजूला, सड्याच्या ओल्या जमिनीवर, एक हातभर जागा कोरडी राहिली होती.

ज्योत्स्नानं तांब्या दोन्ही हातांनी पुढं धरला. "घ्या," ती म्हणाली. "चूक झाली. घ्या माय, पानी."

घरातून टुक ऐकू आलं. दुसरं त्याहून लहान.

तिला आधी वाटलं आपण लांब आलो म्हणून. मग तिसरं आलं, चौथं आलं, आणि ती न हलता उभी होती. पासष्ट. साठ. पायापुढच्या कोरड्या जागेवर आता ओल चढत होती. पन्नास. टुक इतका बारीक झाला होता की तो तिला कानापेक्षा सवयीनं कळत होता. चाळीस. मग काही ऐकू आलं नाही.

मग देवाच्या खोलीतून तिच्या सासूचा आवाज आला, सोळा सोमवार जिच्यासाठी धरले ती वाचा, जड आणि प्रेमळ:

"ये माय. बस. लय दूरलोक जाऊ नको आता."

हाक आपल्याला नाही, हे फाटकापाशी उभ्या ज्योत्स्नाला कळलं. तांब्यातलं पाणी हिंदकळत होतं. ते स्थिर होईपर्यंत ती थांबली. मग फाटक लावलं, कडी घातली, आणि तांब्या सांभाळत घराकडे वळली. पाणी आता आत न्यायचं होतं.